दंडावरचा शुगर सेन्सर: ११ लावून झाले, आता लिहितो

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर माझ्या निम्म्या तक्रारी शेवटी माझ्याच चुका निघाल्या, आणि दुसरं म्हणजे हे सगळे सेन्सर थोड्याफार फरकाने सारखेच चालतात, त्यामुळे तुमच्या दंडावर कुठलाही असला तरी यातलं बरंच लागू पडेल. मी जळगावचा, वय ५४, टाइप टू डायबेटिसला १६ वर्षं झाली, गेली ५ वर्षं इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ. मला पहाटे शुगर लो व्हायची आणि कळायचंच नाही, घामाने बनियन भिजून जाग आली तर आली, नाहीतर सकाळी नुसतं डोकं धरलेलं. म्हणून डॉक्टर म्हणाले एकदा सेन्सर लावून बघू, म्हणजे दंडाला चिकटवायची छोटी चकती, जी दिवसरात्र शुगर मोजून फोनवरच्या ॲपमध्ये दाखवते. पहिला लावला गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आणि आता ११वा चालू आहे. सलग नाही लावत, खिशाला झेपत नाही. मला एक पडतो पाच हजारांच्या आसपास आणि चालतो १४ दिवस, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या वर झाले. महिन्यातून एक लावतो.

११ पैकी ७ व्यवस्थित चालले, २ गंडलेले निघाले, १ दाराच्या कडीला दंड घासून मीच उपटला आणि १ दिवाळीत तेलाने गेला. त्याची गोष्ट खाली येईल.

पहिल्या आठवड्यात मी हा सेन्सर फेकून द्यायच्या बेतात होतो. कारण काय, तर ग्लुकोमीटर दाखवतोय १९०, सेन्सर १५५. परत एकदा टोचलं, १९८, सेन्सर १६७. चिडचिड नुसती. चार दिवसांत २० स्ट्रिपा संपवल्या. बायको म्हणाली, "अहो, बोटं टोचायला नकोत म्हणूनच आणला ना हा?" बरोबर होतं तिचं. पण जी गोष्ट मला मेडिकलवाल्याने सांगितली नाही ती इथे लिहितो: हा सेन्सर रक्त मोजतच नाही. लावताना जी सुई खटकन आत जाते ती लगेच बाहेर येते, आत राहते ती केसासारखी बारीक, लवचिक तार, माझ्या सेन्सरची जेमतेम ५ मिलिमीटर. तिच्यावर एक एन्झाइम असतं, त्याची ग्लुकोजशी क्रिया झाली की अगदी किंचित करंट तयार होतो आणि त्याच्यावरून आकडा काढतात. ही तार बसते कातडीखालच्या पेशींच्या मधल्या पाण्यात, आणि रक्तातली साखर त्या पाण्यात पोचायला ५ ते १५ मिनिटं लागतात. मी काय करत होतो, जेवण झाल्यावर तासाभराने, शुगर सगळ्यात जोरात चढत असताना दोन्ही आकडे ताडून बघत होतो. मग मागे पडणारच ना तो. उतरताना उलटं होतं, रक्तातली शुगर खाली गेलेली असते आणि सेन्सर अजून वरच दाखवत असतो, आणि इन्सुलिनवाल्यांनी हेच जास्त लक्षात ठेवायचं.

ताडून बघायचंच असेल तर ॲपमधला बाण आडवा असताना, म्हणजे शुगर चढत-उतरत नसताना बघा. सकाळी उठल्याउठल्या काही खायच्या आधी, किंवा जेवायच्या आधी. जेवण झाल्यावर, चालून आल्यावर, इन्सुलिन घेतल्यावर नको. डॉक्टरांनी मला सोपा हिशोब दिलाय, मीटरवर १००च्या खाली असेल तर २० आकड्यांचा फरक चालेल आणि १००च्या वर असेल तर २० टक्क्यांचा. तेवढा फरक म्हणजे बिघाड नाही. आणि ज्याला आपण खरा समजतो तो ग्लुकोमीटर तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३च्या नियमात त्यालाही १००च्या वर १५ टक्के इकडेतिकडे माफ आहे. एकाच बोटाच्या एकाच थेंबावर दोन स्ट्रिपा लावून बघितल्या, १४१ आणि १५८. तेव्हापासून भांडण सोडून दिलं.

आणि एक गंमत. एकदा सेन्सर १३८ दाखवतोय आणि मीटर २१२. म्हटलं गेला हा पण सेन्सर, पाच हजार पाण्यात. कस्टमर केअरला फोन लावायला मोबाइल उचलला तर हाताला चिकट लागलं काहीतरी. पाच मिनिटांपूर्वी नातवाला केळं सोलून दिलं होतं! साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, परत टोचलं, १४१. जळगावात राहून केळ्याने फसवलं. नुसतं स्पिरिट चोळून भागत नाही, फळ सोललेलं असेल तर हात धुवाच.

आता रात्रीचं, कारण सगळ्यात जास्त ताप मला याचाच झाला. तिसऱ्या सेन्सरच्या वेळी रात्री २ वाजून ४० मिनिटांनी अलार्म वाजला, ५२. मी घाबरून उठलो, बायकोने धावत ग्लुकोज पावडर आणली, ती घेतली, वर दोन चमचे साखर, वर अर्धा डबा बिस्किटं, सकाळी फास्टिंग २६०. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच, मात्र या वेळी बायकोने आधी बोट पुढे करायला लावलं, तर मीटरवर ११८! सकाळी दोघांनी ॲपमधला आलेख मोठा करून बघितला. रेघ एकदम कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली, अर्धा तास तळाला, मग तशीच सरळ वर. खरी लो अशी नसते, ती उतारावरून उतरल्यासारखी हळूहळू येते. बायको म्हणाली, तुम्ही डाव्या कुशीवर झोपता आणि सेन्सर पण डाव्याच दंडाला आहे. झालं, उलगडलं. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथलं पाणी पिळल्यासारखं बाजूला सरकतं, तारेभोवती ताजी साखर येत नाही आणि सेन्सरला वाटतं शुगर पडली. कूस बदलली की जागेवर येतो. आता उजव्या दंडाला, पाठीमागच्या बाजूला जरा बाहेर धरून लावतो आणि डाव्या कुशीचं सुख भोगतो.

पण म्हणून रात्रीचा अलार्म बंद करून झोपू नका हां. माझ्या याच अलार्मने खऱ्या लो पण पकडल्यात, पहाटे ४च्या सुमाराच्या, आणि त्या बघूनच डॉक्टरांनी संध्याकाळचं इन्सुलिन ४ युनिटने कमी केलं. अलार्म वाजला की आधी बोट, एवढंच. मीटर हाताशी नसेल किंवा हात थरथरतायत, घाम आलाय, तर मात्र शहानिशा करत बसू नका, आधी साखर पोटात घाला. १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात, आणि १५ मिनिटं थांबायचं. थांबायचं हे फार अवघड आहे, कारण सेन्सर मागे असतो, तुमची शुगर ९०वर आलेली असते आणि तो अजून ६१ दाखवत बसतो, मग माणूस बिस्किटांचा डबा उघडतो. त्या वेळी परत बोटच टोचून बघायचं.

आता गंडलेल्या दोघांबद्दल. पहिला गंडलेला म्हणजे दुसरा सेन्सर. लावताना मधल्या भोकातून रक्त आलं. थोडं रक्त आलं तरी बरेचदा चालतं म्हणे, पण माझा दोन दिवस वेड्यासारखा वरखाली करत होता, २८० काय, ७५ काय, मीटर आपला दीडशेच्या आसपास. वैतागून काढला, कचऱ्यात टाकला, आणि मग कस्टमर केअरला फोन केला. हीच चूक. पलीकडचा मुलगा अगदी गोड आवाजात, "सर, सेन्सर तुमच्याजवळ आहे का?" टाकला म्हटलं. "बॉक्स आहे का सर?" तो पण टाकला. "बोटाच्या रीडिंगचे फोटो आहेत का सर?" नाहीत. "मग सर आम्ही काही करू शकत नाही." पाच हजार गेले. रागाने त्या दिवशी शुगर खरंच २८० गेली असेल.

दुसरा गंडला तो मे महिन्यात, आणि त्याचं कारण शोधायला मला चार दिवस लागले. ऑनलाइन मागवलेला होता, पार्सल शुक्रवारी जळगावात आलं, आणि शनिवार-रविवार कुरिअरवाल्याच्या पत्र्याच्या गाळ्यात पडून. बाहेर ४४ डिग्री, पत्र्याखाली किती असेल तुम्हीच ठरवा. सोमवारी खोकं हातात घेतलं तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं गरम. मी मूर्खासारखा तसाच लावला. तासाभराने सुरू झाला, ७१. माझं फास्टिंग मीटरवर १३४. म्हटलं पहिला दिवस आहे, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी ५८, मीटर १२८. तिसऱ्या दिवशी ७९, मीटर १५१. मग खोक्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली: साठवण ४ ते २५ डिग्री. आमच्याकडे मेमध्ये रात्री पंख्याखाली पण २५ नसतं! चौथ्या दिवशी सेन्सरने स्वतःच सांगितलं, मला बदला.

या वेळी मी शहाणा झालो होतो. तीन दिवसांचे मीटरचे फोटो, त्यात वेळ दिसतेय, त्याच मिनिटाचे ॲपचे स्क्रीनशॉट, सेन्सर काढून छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, अॅप्लिकेटर (सेन्सर दंडात बसवायचं साधन) जपून ठेवलेला, खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि बॅच नंबर वहीत. फोन केला. आधी नेहमीची उलटतपासणी, पोटावर लावला का सर, क्रीम लावलं होतं का सर, इन्सुलिन तिथेच घेता का सर. सगळ्याला नाही. मग म्हणे उष्णतेचं आमच्या हातात नाही, कुरिअरला विचारा. कुरिअरवाला म्हणे आम्हाला काय माहीत आत काय आहे, खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. चार फोन, एक ईमेल, आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस त्यामुळे सगळी कहाणी पहिल्यापासून. तक्रार नंबर मागून घ्या बरं का, ते आपणहून देत नाहीत. १२व्या दिवशी नवीन सेन्सर आला, फुकट. म्हणजे देतात, पण तुम्ही वकिलासारखी फाइल तयार ठेवली तर. सर्व्हिसला पाचपैकी दोन.

आता उन्हाळ्यात ऑनलाइन बंद. ओळखीच्या मेडिकलवाल्या भाऊंना आधी सांगून ठेवतो, त्यांच्या दुकानात एसी आहे, आला की फोन करतात आणि मी सकाळी जाऊन आणतो, त्याच दिवशी लावतो. गाडीच्या डिकीत ठेवत नाही, आणि घाबरून फ्रीजरमध्ये तर बिलकुल नाही.

लावायचा दिवस रविवार. पहिले २४ तास आकडे जरा डळमळीत असतात, घरी असलो की बोट टोचून बघता येतं, आणि त्या दिवसाच्या आकड्यांवरून इन्सुलिनमध्ये काही बदल करत नाही. दंड साध्या साबणाने धुवायचा, केस असतील तर काढायचे, स्पिरिट लावून पूर्ण वाळू द्यायचं. इथे घाई केली की चिकटत नाही. दिवाळीतला सेन्सर गेला तो असाच, नरक चतुर्दशीला आई म्हणाली, "अरे, वर्षातनं एकदा तरी अंगाला तेल लावून घे." आईला कोण नाही म्हणणार, पाठीला आणि दंडाला खोबरेल तेल चोळलं, उटणं, कडकडीत पाणी. अंग पुसताना टॉवेलबरोबर सेन्सर हातात. चौथा दिवस होता. फटाक्यांपेक्षा महाग पडली ती आंघोळ. घामाने कडा सुटत असतील तर वरून चिकटपट्टी मिळते, फक्त सेन्सरच्या मधलं बारीक भोक झाकू नका. मला पट्टीखाली खाज येऊन कातडी लाल झाली होती, तेव्हापासून दर वेळी जागा बदलतो, एवढ्यावर भागलं. फोड आले तर काढून टाका आणि डॉक्टरांना दाखवा.

फोनचं एक. सहाव्या सेन्सरला रात्री अलार्मच वाजेना, सकाळी बघावं तर आलेखात दोन-दोन तासांची भोकं. सेन्सरला शिव्या घातल्या पण चोर होता बॅटरी सेव्हर, फोन रात्री ॲपलाच झोपवून टाकत होता. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरीची बंधनं काढा, ब्लूटूथ चालू, नोटिफिकेशनची परवानगी चालू, आणि सायलेंट असताना पण अलार्म वाजू द्यायची परवानगी वेगळी असते ती पण बघा. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि आपण बेडरूममध्ये असं पण चालत नाही, मोकळ्या जागेत २० फूट पोचतो, मध्ये भिंत आली की गेलं. आणि चालू सेन्सरच्या मध्येच फोन बदलायचा नाही, माझा तरी ज्या फोनवर सुरू केला त्याच्याशीच बोलतो, दुसऱ्याला ओळख देत नाही.

औषधांचं बघून घ्या. मला सर्दी झाली होती, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या ५००च्या गोळ्या दिवसाला दोन-तीन खात होतो, सेन्सर सगळीकडे ४०-५०ने चढा. माझ्या सेन्सरच्या माहितीपत्रकात चक्क लिहिलेलं होतं की दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर खोटा चढा आकडा येऊ शकतो. गोळ्या बंद केल्या, जागेवर आला. काही दुसऱ्या सेन्सरना पॅरासिटामॉलचा त्रास होतो, त्यामुळे तुमच्याबरोबर आलेला कागद वाचाच, मी तो पाच सेन्सर होईपर्यंत उघडला नव्हता. एमआरआय असेल तर बरेच सेन्सर काढावे लागतात, तुमचा कागद बघा, आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन असला तरी आधी सांगा. पुढची तारीख मिळत असेल तर सेन्सर संपल्यावरची घ्या, पैसे वाचतील. डॉक्टर घाईचं म्हणाले तर अर्थात नाही.

आणि हो, भाचा दोन हजारांचं एक घड्याळ घेऊन आला होता, न टोचता शुगर सांगणारं. मामा हे घ्या, कशाला दर महिन्याला पाच हजार. मी ते घड्याळ घरातल्या केळ्याच्या घडाला बांधलं, केळ्यांची शुगर १०८ आली, एकदम नॉर्मल. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४मध्येच सांगितलंय की कातडीला न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने त्याच्यावर डोस ठरवला तर जिवावर बेतेल.

एवढं सगळं असून परत का लावतो, तर ज्या गोष्टी मला १६ वर्षांत कळल्या नाहीत त्या याने दोन महिन्यांत दाखवल्या. पोहे हलके म्हणून रोज खायचो, तासाभरात २४०. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत, १६०च्या वर जात नाही. आषाढीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, २६८, आणि मुलगी पुण्याला बसून तिच्या फोनवर माझा आलेख बघते, लगेच फोन, "पप्पा, काय खाल्लं तुम्ही?" उपवास आहे म्हटलं. "हा उपवास आहे?" हा एक तोटाच समजा, चोरून काही खाता येत नाही. जेवल्यावर २० मिनिटं कॉलनीत चकरा मारल्या की चढण अर्धी होते हे डोळ्यांनी दिसलं तेव्हा कुठे माझे पाय हलले, डॉक्टर तर दहा वर्षं ओरडत होते. ७० ते १८०च्या मध्ये दिवसाचा ७० टक्के वेळ राहायचं असं टार्गेट असतं, माझा सुरुवातीला ४८ होता, आता ६६. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ८.६वरून ७.४.

पैसे बघता पाचपैकी साडेतीन स्टार. स्ट्रिपांचा डबा मात्र घरात ठेवाच, सेन्सर आणला म्हणून मीटर शेजाऱ्याला देऊन टाकू नका, आमच्या एका मित्राने दिला आणि परत मागायला लाजतोय.

११व्याचा आज नववा दिवस. आत्ता लिहिताना १४६, बाण आडवा. बोट टोचलं, हात धुऊन, १५२.